प्रायश्चित्ताची धाव

एकदा एक स्थूल देहाचा धान्यव्यापारी तापाने फणफणलेल्या पत्नीसाठी वैद्यांना आणायला धावत निघाला. वैद्यांचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. अर्ध्या वाटेत त्याला अशी धाप लागली की तो देवळाच्या पायरीवर मटकन बसला. वैद्यांना घेऊन तो परतला, तेव्हा घरातून लेकीच्या रडण्याचा आवाज येत होता.

तेरावे उरकले आणि व्यापारी रोज पहाटे धावू लागला. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत धावे. गुडघे सुजले, छातीत कळ येऊ लागली, तेव्हा तो लंगडत वैद्यांकडे गेला.

"बुवा, लेप द्या आणि मला धावायला शिकवा. मी तुमचा शिष्य."

वृद्ध वैद्यांनी नाडी पाहिली. "आधी सूज आणि कळ जाऊ दे. मग माझ्याबरोबर चाल. चालताना मात्र तुझ्या बायकोविषयी बोलत राहा."

काही आठवड्यांनी दोघे नदीकाठच्या वाटेने निघाले. बोलता बोलता व्यापाऱ्याचा वेग वाढे, धापेने वाक्य तुटे. आणि वैद्य तिथेच धुळीत बसकण मारत. रोज हेच. अखेर तो चिडला.

"थकत असाल तर घरी राहा ना! मला कशाला अडवता?"

"मी नाही थकलो. तुझा श्वास थकला, म्हणून बसलो," वैद्य म्हणाले. "ज्या वेगात वाक्य पुरे होत नाही, तो वेग तुझ्या देहाला अजून झेपत नाही. आणि बाबा, तू धावत कुठे होतास? देहाला शिक्षा देत होतास. त्या दिवशी लवकर पोचला असतास तर ती वाचली असती का, हे मलाही सांगता येणार नाही. पण तू असाच कोसळलास तर तुझी लेक पोरकी होईल, एवढे नक्की."

व्यापारी खाली मान घालून त्यांच्या शेजारी बसला.

पुढे तो दमाने चालू लागला. बऱ्याच महिन्यांनी चालता चालता थोडे धावे, श्वास चढू लागला की पुन्हा चाले. वजन हळूहळू उतरले. दुःख उतरले नाही.

एका सकाळी भरभर चालणाऱ्या वैद्यांशेजारी संथ धावताना तो प्रथमच त्या दिवसाविषयी बोलला.

"मी निघालो तेव्हा तिने डोळे उघडले होते, बुवा. म्हणाली, 'सावकाश जा हो, तुम्हाला दम लागतो.'"

व्यापाऱ्याने पावले मंद केली आणि तो वैद्यांबरोबर चालू लागला.