पाठमोऱ्याला हाक

एकदा एका दूरचित्रवाणी वाहिनीत केतकी धारप नावाची एक तरुण बाई प्रोमो करण्याच्या कामावर होती. प्रोमो म्हणजे मालिकेची ती अर्ध्या मिनिटाची झलक, ‘पाहायला विसरू नका’ म्हणत हात धुऊन आपल्या मागे लागणारी. आपण तिच्यावर वैतागतो. पण ती कुणीतरी तयार करतं, आणि करणाऱ्याचं नाव कुठेही झळकत नाही. लग्नाच्या पत्रिका लिहून देणाऱ्यालाच पंगतीला बोलवायचं राहून जावं, तसलं हे काम!

केतकी मिरजेची. या शहरात तिची भाड्याची एक खोली होती आणि कचेरीत काचेची एक खोली होती. दिवसभर कानाला हेडफोन. कुणाला काही हवं असलं तर तो काचेवर टकटक करी, बोटाने खूण करी आणि निघून जाई. कधी कधी अंथरुणावर पडल्यावर तिच्या लक्षात येई, की आज आपण रिक्षावाल्याखेरीज कुणाशी बोललोच नाही. फार एकटी होती हो ती. आणि हे सांगायचं तरी कुणाला, म्हणून गप्प होती.

तर झालं असं, की संध्याकाळी साडेसहाच्या मालिकेचे प्रेक्षक आटत चालले. मालिकेचं नाव सांगत नाही. नावात काही नव्हतं. विभागप्रमुख पराडकर केतकीला म्हणाले, “एक प्रोमो दे. वीस सेकंद. परवा दुपारी एकला, जुना भाग पुन्हा दाखवतात त्याच्या ब्रेकमध्ये, पहिल्यांदा लागेल. पंधरा दिवसांत आकडा हलला नाही तर मालिका बंद.”

“नायिकेच्या तारखा?”

“नाहीत. नवं शूटिंग नाही, नवं संगीत नाही, निवेदकसुद्धा नाही.”

“मग आहे काय?”

“एकशे बारा एपिसोड आहेत की!” पराडकर हसले, आणि मग जरा खाली पाहून म्हणाले, “केतकी, मालिका गेली तर तुझा करारही वाढायचा नाही. तुला अंधारात ठेवत नाही.”

म्हणजे परत मिरज. चार वर्षांत या शहरात आपली एक खूण उमटली नाही, आणि आता बिऱ्हाड आवरायचं. ती हट्टाला पेटली. एकशे बारा एपिसोड उपसून तिने वीस सेकंदांत सगळं कोंबलं: थोबाडीत बसलेली, फुलदाणी फुटलेली, तीन चेहरे गर्रकन वळलेले, वर ढोल. पराडकरांनी पाहिलं आणि म्हणाले, “चांगलं आहे. पण असले मी सकाळपासून चार पाहिलेत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ती लॅपटॉप घेऊन आजगावकर सरांकडे गेली. सरांनी तीस वर्षं हेच काम केलेलं. केतकी नवखी असताना त्यांनीच तिला हाताला धरून शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन, बायकोच्या मागे एकटे राहत. सर टेबलाशी मेथी निवडत बसले होते. तिने लॅपटॉप उघडला मात्र, सर मेथीची जुडी उचलून ओट्याकडे गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

“लाव,” ते म्हणाले.

“सर, इकडे या ना. तिथून दिसणार नाही.”

“लाव गं.”

तिने लावला. ढोल वाजले, फुलदाणी फुटली. सर मेथी धूत राहिले. “पुन्हा लाव.” तिने पुन्हा लावला. त्यांनी मान वळवली नाही. “आणखी एकदा.” तिसऱ्यांदा मात्र तिचा संयम सुटला.

“सर, माझी नोकरी चाललीय आणि तुम्हाला मेथी महत्त्वाची! एकदा बघाल तर काय बिघडेल? काचेपलीकडचे बघत नाहीत, घरचे बघत नाहीत, आता तुम्हीसुद्धा?” बोलता बोलता तिला रडू आलं.

सरांनी नळ बंद केला, हात पुसले आणि तिच्यासमोर येऊन बसले.

“रागावलीस, ते बरं केलंस. आता ऐक. प्रोमो लागतो कधी? ब्रेकमध्ये. आणि ब्रेक लागला की माणूस काय करतो? उठतो. कुणी गॅस बारीक करायला, कुणी दोरीवरचे कपडे काढायला. आपण सगळे डोळ्यांसाठी राबतो, आणि डोळे तिथे नसतातच. असते ती फक्त पाठ. पाठमोऱ्या माणसाला वळायला लावायचं, एवढंच आपलं कर्म. ढोलाने कोण वळतं? ढोल तर शेजारच्या लग्नाच्या हॉलमध्येही वाजतात.” ते जरा थांबले. “आणखी एक. साडेसहाला टीव्ही कोण लावतं, ठाऊक आहे? पुष्कळदा ज्याच्या घरात दुसरा आवाज नाही, तो. मंदा गेल्यापासून मीही लावतो. बघत नाही काही. कुणीतरी बोलत असावं म्हणून. तुझे प्रेक्षक हे असे आहेत बाई. त्यांच्यावर ओरडू नकोस.”

केतकी कचेरीत परतली. तिने संगणकाचा पडदा बंद केला आणि एपिसोड पुढे-पुढे सरकवत नुसते ऐकायला घेतले. लोक काचेतून पाहत आणि हसत. काळ्या पडद्यापुढे ही बया करतेय काय! भांडणं ऐकली, शपथा ऐकल्या, हुंदके ऐकले. तिची मान काही हलली नाही.

एकसष्टाव्या भागात एका बंद दारामागून सासूबाईंचा आवाज आला, “जेवण झालं का?”

केतकी वळली. खुर्चीसकट मागे वळली आणि दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. कितीतरी दिवसांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि ते इतकं जोरात आत लागलं की तिने हेडफोन काढून खाली ठेवले.

तो प्रसंग कुणाच्या लक्षात राहावा असा नव्हताच. त्या दिवशी सासूबाई करणारी नटी सेटवर आली नव्हती, म्हणून नुसत्या दाराचं चित्र घेऊन आवाज मागाहून भरला होता. सून रुसून आत बसलेली, सासू बाहेर. पुढचं वाक्य होतं, “मी थांबलेय.” केतकीने तेवढंच घेतलं. दार, प्रश्न, मग पाच-सहा सेकंद नुसती पंख्याची घरघर, मग “मी थांबलेय,” आणि शेवटी अक्षरं: रोज संध्याकाळी साडेसहा.

“यात घडत काहीच नाही,” पराडकर म्हणाले. पण वेळ उरला नव्हता. प्रोमो गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला ती सरांच्या घरी होती. दीडला कचेरीत बैठक होती. म्हटलं, प्रोमो दाखवून पळू. सर भाकरी थापत होते. टीव्ही नेहमीसारखा चालू होता. ब्रेक लागला. तेल गेलं, साबण गेला.

“जेवण झालं का?”

“नाही गं मंदा, ही शेवटची भाकरी...” म्हणत सर वळले.

पडद्यावर बंद दार होतं. पंखा घरघरत होता. हाताला पीठ, ओठांवर अर्धं वाक्य, अशा अवस्थेत ते उभेच राहिले. “मी थांबलेय,” आवाज म्हणाला, आणि लगेच दंतमंजनाची जाहिरात सुरू झाली.

“जमलं तुला,” सर हळूच म्हणाले आणि पुन्हा तव्याकडे वळले. पिठाच्याच हाताने त्यांनी डोळे पुसले.

केतकीला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पर्स तिच्या खांद्यावर होती, चप्पल दाराशी होती, घड्याळात एक वाजून वीस मिनिटं झाली होती. ‘मी थांबलेय’ हे आपणच कापून, जोडून सगळ्या गावाला ऐकवलं, आणि आपण निघालोय! तिने पर्स खुर्चीवर ठेवली.

“सर, मीही जेवले नाहीये. पानं घेते.”

“भाकऱ्या दोनच आहेत.”

“मग एकेक.”

मालिकेचं काय झालं म्हणाल, तर आकडा थोडा हलला, मालिका आणखी चार महिने चालली आणि केतकीचा करार वर्षभरासाठी वाढला. बैठक मात्र चुकली, त्याबद्दल तिने बोलणी खाल्ली. ती तिने निमूट ऐकून घेतली, कारण एक गोष्ट तिला त्या दुपारी कळली होती: हाकेला कुणी वळलं, तर हाक मारणाऱ्याने तिथे असायला हवं.