चिपमधला बुडबुडा

डॉ. शर्वाणी तांडेल विभागप्रमुखपदाच्या मुलाखतीला बसली आणि खुर्ची सोडायला तयार नसलेले जुने विभागप्रमुख गोरक्षकर कुलगुरूंदेखत फिसकन हसले. "बाईंनी अकरा वर्षं पोस्टाच्या तिकिटाएवढ्या चिपवर घालवली. विभाग चालवायला मोठी दृष्टी लागते!"

शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याच माणसाने तिच्या फायली सात महिने टेबलावर दाबून ठेवल्या होत्या. प्रात्यक्षिकासाठी आणलेली रक्ततपासणीची चिप तिने त्यांच्यापुढे सरकवली. "सर, रक्ताचा थेंब तुम्हीच सोडा."

गोरक्षकरांनी ऐटीत ड्रॉपर शेवटपर्यंत दाबला. नवशिके हमखास करतात तीच चूक! थेंबामागून हवा शिरली आणि चिपमधल्या केसाएवढ्या नळीत रक्त जागच्या जागी थांबलं.

"बघा, चिपच बिघडलेली!" ते गरजले.

"चिप धडधाकट आहे, सर. मध्ये एक बुडबुडा अडून बसलाय. स्वतः पुढे सरकत नाही आणि मागच्यांना जाऊ देत नाही. माझ्या सतरा फायलीही अशाच अडल्यात."

कुलगुरूंनी चष्मा काढला. "हा बुडबुडा काढायला किती वेळ लागतो?"

"चिपमधला चुटकीसरशी निघतो," शर्वाणी म्हणाली. "विभागातल्यासाठी तुमची सही लागेल."