घारपुऱ्यांच्या घरचे दिवे

"घरातलं सगळं चालवायला भिंतीवर स्क्रीन बसवू, की बोललं की ऐकणारं यंत्र घेऊ? का साधा रिमोटच बरा? गोदाआई, तुम्ही म्हणाल ते घेतो. पण नाना घरी यायला हवेत."

पराग घारपुरे आमच्या मठाच्या पडवीत बसून विचारत होता. तिन्ही वस्तू त्यानं समोर सतरंजीवर मांडल्या होत्या, भाजी निवडायला घ्यावी तशा.

नाना म्हणजे त्याचे वडील. साताऱ्यातलं राहतं घर सोडून ते मठात येऊन राहिले होते. पराग उद्या परदेशी, नोकरीवर परत जाणार होता. नाना आज निघाले नाहीत तर घराला कुलूप लागणार, आणि म्हातारा पुन्हा तिकडं फिरकणार नाही, हे त्यालाही कळत होतं.

गोदाआई भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. मोठमोठी माणसं त्यांच्याकडं प्रश्न घेऊन येतात, पण म्हणून त्या हातातलं काम कधी बाजूला ठेवत नाहीत.

"घरात काय काय आपोआप चालतं?"

पराग खुलला. "सगळंच. टाकी भरली की मोटर बंद. दारात कोण आलंय ते मला तिकडं दिसतं, दारही मीच उघडतो. झाडांना वेळच्या वेळी पाणी. गॅसचा जरा वास आला की मला फोन. नानांना इकडची काडी तिकडं करावी लागत नाही."

खोटं कशाला बोला, मी वाती वळायचा थांबून ऐकत होतो. मुलगा असावा तर असा, असंच माझ्या मनात आलं.

"आणि दिवे?"

"दिवस मावळला की लागतात. कधी चुकत नाही."

"पूर्वी कोण लावायचं?"

"आई. ती गेल्यावर नाना. बटण दाबायचे, हात जोडायचे, आणि मग मला फोन करायचे, दिवेलागण झाली रे म्हणून..."

तो थांबला.

"आता करतात?"

"...नाही. आता गरजच नाही ना. दिवे लागलेले मला इथं दिसतात."

त्यानं मोबाइल वर धरून दाखवला. गोदाआईंनी बघितला. पुन्हा शेंगा सोलायला लागल्या.

"घर का सोडलं म्हणाले?"

"म्हणाले, करमत नाही. मला वाटतं, मोबाइल त्यांना जमत नाही आणि ते सांगायची लाज वाटते. म्हणून तर ही यंत्रं आणली. गोदाआई, माझं चुकलं असेल तर ते यंत्र निवडण्यात चुकलं असेल. बाकी सगळं मी जीव ओतून केलंय."

पोरगा खरं बोलत होता. मला त्याचं फार वाईट वाटलं.



ऊन उतरलं. नाना विहिरीवरून आले, पाय धुतले आणि देवासमोर जाऊन उभे राहिले. मठात आल्यापासून समई तेच लावायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

त्यांनी कोनाड्यातून काडेपेटी घेतली. पहिली काडी विझली. दुसरी पेटली, पण हात थरथरत होता, वातीपर्यंत पोचायच्या आत तीही गेली.

पराग चटकन उठला.

"नाना, राहू द्या. तुम्ही बसा. मी लावतो ना."

काडेपेटी त्यानं अलगद काढून घेतली. एका काडीत समई लावली.

नानांचा हात तसाच पुढं राहिला. रिकामा. मग तो त्यांनी सदऱ्याला पुसला, आणि समईला नमस्कारही न करता मागच्या अंगणात निघून गेले.

"बघितलंत?" पराग हळूच म्हणाला. "हात असे कापतात. बोलून चालणारंच घ्यावं, नाही का?"

गोदाआई उठल्या. समईजवळ गेल्या. तबकातलं एक फूल उचललं आणि वातीवर टेकवलं.

समई शांत झाली.

माझं सगळं आयुष्य या मठात गेलं, पण ऐन दिवेलागणीला लावलेली समई कुणी मालवलेली मी पाहिली नव्हती. पराग जागच्या जागी उभा राहिला.

"गोदाआई... हे काय केलंत?"



त्याचा हात पुन्हा काडी ओढायला गेला. गोदाआईंनी त्याचं मनगट धरलं. घट्ट.

बाहेर पुरतं मावळलं. पडवीतल्या त्या वस्तू दिसेनाशा झाल्या. आता मला फक्त दोघांच्या आकृत्या कळत होत्या, आणि त्यातली एक मुसमुसत होती.

"मी काय घेऊ मग? एवढं तरी सांगा. माझ्याकडं आजचाच दिवस आहे. मला नानांना घरी न्यायचंय..."

गोदाआईंनी त्याच्या मुठीतून काडेपेटी सोडवली आणि कोनाड्यात जागच्या जागी ठेवली.

"नानांना हाक मार," त्या म्हणाल्या. "म्हणावं, आत अंधार पडलाय."