विस्तव

"बाबा, सरकारच्या लेखी आम्ही दोन कुटुंबं. तुमच्या लेखी किती?"

सोमगिरबाबा धुनीत लाकूड सारत होते. गुणाजीच्या प्रश्नावर त्यांनी मान वर केली नाही.

गुणाजी म्हणजे सरकारी योजना कोळून प्यालेला माणूस, आणि त्याचा त्याला तोराही होता. गरिबांना घरकुल मिळणार, पण एका चुलीला एकच, हा नियम गावात आधी त्यालाच कळला. तो नि त्याचा थोरला भाऊ हैबती बायकापोरांसह एकाच घरात राहत. गुणाजीनं पडवीत दुसरी चूल मांडली. नुसती दाखवायला. पाहणी झाली की मोडायची, असं ठरलं होतं.

"मग मोडली का न्हाई?" बाबांनी विचारलं.

गुणाजी सांगू लागला.

"साहेब आला तवा दादाची धाकटी माझ्या ताटात जेवत होती. साहेब म्हणाला, ही कुणाची? मी... मी पोरीला हाताला धरून उठवलं. म्हटलं, जा, तुझ्या घरी जेव."

"आणि हैबती?"

"दारातच होता."

...

घरकुल मिळालं. चांगलं स्लॅबचं. पण त्यात गुणाजीला घास गोड लागेना. वहिनीच्या हातची आमटी आठवायची. जेवताना दादा हमखास म्हणायचा, "वाढ गं त्याला अजून." ते ऐकायला त्याचा जीव तुटत होता.

"नियमच तसा होता, बाबा. माझं काय चुकलं? आता आमच्यात विस्तवसुद्धा जात न्हाई."

बाबा उठले. पाण्याची घागर उचलली आणि सगळी धुनीवर उपडी केली.

चर्र झालं. गुरूच्या गुरूपासून पेटती राहिलेली धुनी! गुणाजीनं घाईघाईनं खिशातली काडीपेटी काढली.

बाबांनी ती घेतली आणि ओल्या राखेत टाकून दिली.

"विस्तव आण."

"कुठून?"

"जिथून जात न्हाई, तिथून."

गुणाजीचे डोळे भरून आले. तो उठला, दोन पावलं गेला आणि थबकला.

"दादानं दिला न्हाई तर?"

बाबांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"तर दारात उभा राहा... गारठा त्यालाबी लागतोच."