शिक्क्यावरच्या मिशा

धान्य आलं, पण खायचं नाही! असला हुकूम करडवाडीनं जन्मात ऐकला नव्हता.

दोन वर्षं पावसानं तोंड दाखवलं नव्हतं. त्यात गावचा स्वतःचा राजा सरहद्दीवर लढाईत दंग, आणि घराघरातलं होतं नव्हतं ते त्याच्या फौजेनं केव्हाच उचलून नेलेलं. ही हकिकत शेजारच्या सोनगड राज्यात पोचली आणि तिथल्या भद्रसेन महाराजांना दयेचा असा काही पाझर फुटला, की त्यांनी गाड्या भरभरून ज्वारी पाठवली. प्रत्येक पोत्याच्या तोंडाला लाखेचा शिक्का आणि शिक्क्यावर महाराजांचा मुखडा, मिशांसकट!

गाड्यांबरोबर आलेले कारभारी भालचंद्रपंत. त्यांनी देवळासमोर पोती रचली, पहारा बसवला आणि घसा खाकरून जाहीर केलं, "महाराज स्वतः येऊन स्वतःच्या हातानं शिक्के फोडतील. तोवर शिक्क्याला धक्का लागला, तर मुंडकं उडेल!"

"महाराज येनार कदी?" गर्दीतून झुंबरनं विचारलं. झुंबर गोणपाटाची पोती शिवून पोट भरायची. तिचं दाभण जितकं टोकदार, तितकीच जीभही.

"मुहूर्त काढणं चाललंय. शिवाय चित्रकाराला पडसं झालंय. तो बरा झाल्याशिवाय दानाचं चित्र कोण काढणार?"

"आन् तवर आमी खायाचं काय?"

"धीर धरा! भूक काय, आज आहे तशी उद्याही असेल. मुहूर्त रोज मिळत नाही!"

झुंबरच्या डोळ्यांपुढे तिची लेक चिमी आली. चिमी परवापासून रडायची थांबली होती. रडायलाही अंगात ताकद लागते.

"आन् तवर कुनी मेलं तर?"

पंत दचकले. याचा विचार सोनगडात कोणी केलाच नव्हता. "छे छे! मरायचं मुळीच नाही! महाराजांची बदनामी होईल. एक जरी मेला तरी पोती माघारी नेईन!"

"म्हंजी शिक्का मोडायचा न्हाई आन् मरायचंबी न्हाई?"

"बरोबर! आणि फार बोलतेस ना, तर दोन्ही सांभाळायचं काम तुझं. चुकलीस तर पहिलं मुंडकं तुझं!"

लोक हळहळत घरी गेले. जो तो जाताना त्या शिक्क्यांकडे बघत होता. झुंबरचा सगळा जन्म पोती शिवण्यात गेलेला. तिची नजर गेली पोत्यांच्या बुडाकडे, जिथं नुसती सुतळीची शिवण होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पंतांकडे धावत आली. "पंत, घात झाला! उन्हानं लाख इतळाया लागली. महाराजांची डावी मिशी खाली आली बघा!"

पंतांना दरदरून घाम फुटला. "आता गं?"

"आमी बाया मांडव घालतो. चारी बाजूंनी पडदं सोडतो. महाराजांच्या मिशीला ऊन लागलं तर आमाला पाप लागंल!"

"केवढी ही भक्ती!" पंतांना अगदी भरून आलं.

मांडव उभा राहिला. बाया कोरड्या नदीतली वाळू टोपल्यांनी आत न्यायच्या. मांडवात पसरायला, असं पहारेकऱ्यांना सांगितलेलं. बाहेर येताना टोपलीवर पदर असायचा. आत झुंबर पोत्याचं बूड उसवायची, ज्वारी काढून वाळू भरायची आणि पुन्हा टाके घालायची. पंत रोज सकाळी येऊन मिशा तपासायचे आणि समाधानानं परत जायचे.

चुली पेटलेल्या पाहून त्यांनी एकदा हटकलंच. "काय गं, जगता तरी कशावर?"

"महाराजांच्या कृपेवर, पंत! दुसरं काय हाय आमच्यापाशी?"

पंतांनी हे तातडीनं सोनगडला कळवलं. महाराज इतके सुखावले, की त्यांनी मुहूर्त आणखी लांबवून सोहळ्यासाठी नवा जरीचा अंगरखा शिवायला टाकला.

अखेर महाराज आले. पुढे नगारे, मध्ये हत्ती, हत्तीमागे भाट आणि नाक पुसणारा चित्रकार. त्यामागे मुदपाकखान्याच्या गाड्या: तूप, तांदूळ, लाडू, फेण्या. मदतीच्या गाड्या याच्या निम्म्याही नव्हत्या.

महाराजांनी सोन्याची सुरी उचलली, चित्रकाराकडे वळून मान जराशी तिरपी केली आणि शिक्का फोडून पोतं उलटं केलं. भसकन वाळू त्यांच्या जरीच्या जोड्यांवर सांडली!

नगारे थांबले. चित्रकाराचा कुंचला हवेतच राहिला.

"वाळू?" महाराज गरजले. "ज्वारी कुठं गेली?"

झुंबर पुढं आली. "जिथं जायाची व्हती तितंच गेली, महाराज. ही काय समोर हुबी हाय." तिनं जमलेल्या गावाकडे हात केला.

"शिक्का कुणी मोडला?"

"आपन, महाराज! आत्ता, समद्यांच्या देखत! त्याआदी कुनी बोटसुदिक लावलं न्हाई. इचारा पंतांना!"

सगळ्यांनी पंतांकडे पाहिलं. पंतांनी मुकाट्यानं मान डोलावली. रोज शिक्के त्यांनीच तर तपासले होते.

"मग मी आता वाटू काय? वाळू?"

"आपन कवाच वाटलं, महाराज! न्हाईतर आज चितरात हुबं राहाया कोन उरलं असतं? टाळ्या कुनी वाजवल्या असत्या?"

तेवढ्यात चिमीनं खरंच टाळ्या वाजवल्या. तिला आपली जोड्यांवरच्या वाळूची मजा वाटली होती. महाराजांनी त्या पोरीकडे पाहिलं, जोड्यांकडे पाहिलं, पंतांच्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं, आणि ते पोट धरधरून हसू लागले. "शाबास! माग, काय हवं ते माग!"

"त्या मुदपाकखान्याच्या गाड्या इतंच ऱ्हाऊ द्या, महाराज. त्यांच्यावर शिक्का न्हाई."

"दिल्या!"

"पण महाराज," पंत कळवळले, "परतीच्या वाटेवर आपण खायचं काय?"

"धीर धरा, पंत!" झुंबर म्हणाली. "भूक काय, आज हाय तशी उद्याबी आसंल. जेवनाचा मुहूर्त तेवढा काढून ठेवा!"

महाराज इतके हसले, की पीळ सुटून त्यांची डावी मिशी खरोखरच खाली आली.