आधी बियाणं तपासा

संततीगुरू भालेंदुजींचे व्हिडिओ पिंपळदऱ्यात घरोघरी चालत. गोदाक्का तर त्यांच्या पक्क्या भक्त. गुरुजी मोबाईलवर सांगतील तो काढा उकळायचा आणि सुनेला, वैजयंताला, पाजायचा, हा त्यांचा नेमच झाला होता. डॉक्टरांनी वैजयंताच्या सगळ्या तपासण्या करून सांगितलं, "हिच्यात काही दोष नाही, आता नवऱ्याला पाठवा." त्यावर गोदाक्का फणकारल्या, "डॉक्टरला बघतं कोण? गुरुजींना पाच लाख लोक बघतात!"

एक दिवस गुरुजी स्वतःच गावात अवतरले. देवळापुढचा मांडव भरला, कॅमेरा सुरू झाला. काढ्याची बाटली उंचावत गुरुजी गरजले, "स्त्री म्हणजे जमीन! जमीन सुधारली की पीक आलंच!"

वैजयंता उठून उभी राहिली. आवाज खणखणीत होता.

"गुरुजी, पुरुषांसाठी कुठला काढा?"

"पुरुषात दोष नसतोच, मुली."

"मग आमचं गावच खुळं म्हणायचं. इथं पेरलेलं उगवलं नाही, तर जमिनीला औषध पाजण्याआधी लोक बियाणं तपासतात!"

मांडवात हशा उसळला. सगळे शेतकरीच, नाही कोण म्हणणार? गुरुजी घाईघाईने कॅमेरा बंद करायला सांगू लागले.

गोदाक्का मात्र हसल्या नाहीत. त्यांचा सारा जन्म शेतात गेला होता. त्या लेकाकडे वळल्या.

"हणमंता, उद्या दवाखान्यात तू जातोस, की गुरुजींना पाठवू?"