घड्याळाचा उपास

नानांचं ऑपरेशन होतं तेव्हा इंदिराकाकूंनी देवीला नवस बोलला होता, "हे बरे झाले, तर यांच्या वडिलांकडे होतं तसं जुनं चावीचं घड्याळ यांच्या मनगटावर बांधीन." नाना बरे झाले आणि काकूंना ऑनलाइन धनराजशेठ नावाच्या विक्रेत्याचं घड्याळ सापडलं.

"मावशी, साठ वर्षांचं अस्सल चावीचं घड्याळ आहे! पोथ्या वाचणाऱ्यांना यातलं काय कळणार?" व्हिडिओ कॉलवर काकूंच्या हातातली पोथी बघून शेठ गरजले.

"खरंय बाबा. माझा वटसावित्रीचा तीन दिवसांचा उपास आहे. तोवर घड्याळालाही चावी देऊ नका, मग बघते."

चौथ्या दिवशी शेठनी ऐटीत घड्याळ दाखवलं. "बघा, हातसुद्धा लावला नाही, तरी एक मिनिट मागे नाही!"

काकू हसल्या. "शेठ, चावीचं घड्याळ चावीशिवाय जेमतेम दीड दिवस चालतं. माझा उपास पार पडला. तुमचं घड्याळ मात्र पोटात सेल लपवून चोरून खात होतं!"

शेठनी फोनच ठेवला. पुढे दुसऱ्या एका विक्रेत्याचं घड्याळ चावी न देता ठेवल्यावर दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. काकूंनी तेच आनंदानं घेतलं आणि नवस फेडला. बायांनो, जुनं घड्याळ घ्याल तेव्हा तुम्हीही आधी त्याला असाच उपास घडवा.